दोन मोठे चमचे

९ फेब्रुवारी, गुरुवार

"रोज लिहा. मत लिहू नका, झालं तेवढंच लिहा," असं स्नायूंच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलीनं काय खाल्लं, किती चालली, कुठे थांबली. तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्याला नोंदी ठेवायला सांगणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं. पण मी मान डोलावली. अठरा वर्षांत नऊ डॉक्टर झाले, आता मान आपोआप डोलते. वही जुनीच आहे. पुढून मुलांचे गुण आहेत, मागून हे सुरू.

आज झालं ते असं. झिपरीच्या हातात रबरी चेंडू देऊन तो एक मिनिट दाबायला लावला आणि मग रक्त काढलं. (झिपरी म्हणजे आमची मुलगी. तिचे केस आजवर कुणाला धड विंचरता आलेले नाहीत.) धडधाकट माणसाच्या रक्तात अशा वेळी लॅक्टिक आम्ल वाढतं. तिच्या रक्तात काडीइतकंही वाढलं नाही. म्हणजे तिच्या स्नायूंत साखर फुटतच नाही, कुठेतरी अडते. कुठे, ते मांडीतून काढलेला स्नायूचा तुकडा सांगेल. तो लांबच्या प्रयोगशाळेत पाठवला आहे. सहा-सात आठवडे लागतील. तोवर खाण्यापिण्यात काहीही बदल करू नका, असं बाईंनी दोनदा बजावलं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या अडतीस, लिफ्ट नाही. झिपरी रोज सकाळी खाली जाऊन दूध घेऊन येते. न थांबता किती पायऱ्या चढली, तो आकडा रोज लिहायचा ठरवलं आहे. आज सतरा.

२ एप्रिलला तिची चाचणी आहे. जमीन मोजणीच्या अभ्यासक्रमाच्या लेखी परीक्षेत पोरगी चौथी आली. आता मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई खांद्यावर घेऊन तीस मिनिटांत दोन किलोमीटर चालून दाखवायचं. तिला या जगात नकाशांखेरीज काही नको. सगळ्या गावाचा तिनं एक नकाशा काढला आहे, त्यात फक्त बसायच्या जागा आहेत. बाक, कठडे, बंद दुकानांच्या पायऱ्या. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी हसलो होतो. मग आत जाऊन तोंड धुतलं.

मला काही आशा नाही. तिला हे कळू नये एवढंच बघतो.

११ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात होतो. जाड पुस्तक काढलं, सापडलं. एक आजार असा आहे की स्नायूंत साठवलेली साखर असते, पण कोठाराचं कुलूपच उघडत नाही. माणूस दहा पावलांत थकतो, स्नायू आखडतात, लॅक्टिक आम्ल वाढत नाही. अगदी आमच्या झिपरीचं वर्णन. दहा वर्षांची असताना शाळेत धावली होती आणि संध्याकाळी चहासारखी लघवी झाली होती, तेही त्यात आहे. आणि पुढच्याच पानावर उपाय: श्रमाच्या आधी साखर पाजावी. कोठार उघडत नसेल तर बाहेरून माल पुरवा. साधी गोष्ट.

परतताना ग्लुकोजचा डबा घेतला. बाई बदल करू नका म्हणाल्या होत्या, पण सहा आठवड्यांनी अहवाल येणार आणि सात आठवड्यांनी चाचणी. पोरीनं तोवर काय करायचं? मी काही अडाणी बाप नाही. पेशी साखर कशी फोडते हे मी तीस वर्षं फळ्यावर काढतो आहे. अडाणी असतो तर बरं झालं असतं असं आजवर कधी वाटलं नव्हतं, पण आज ग्रंथालयात वाटलं. इतकं कळत असून अठरा वर्षं मी हे पान उघडलं कसं नाही?

बाईंना सध्या कळवत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

पहिला पेला. दोन मोठे चमचे, कोमट पाण्यात, माझ्यासमोर प्यायली. अर्ध्या तासानं दूध आणायला गेली, मी मागून मोजत चढलो. अकरा.

झिपरी म्हणाली, "बाबा, हे प्यायल्यावर पाय जड होतात." मी सांगितलं, सवय नाही म्हणून. तिला लहानपणापासून गोडाचं वावडंच. स्वतःच्या वाढदिवसाचा केक दुसऱ्यांच्या बशीत घालायची. साखर नको म्हणणारं पोर अशक्त राहणार नाही तर काय होणार?

शिवाय रविवार होता. रविवारी कुणाच्याही अंगात आळस भरतो.

१५ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेजात माझा हातखंडा धडा. दहा मुलं ओळीत उभी करतो आणि पहिल्याच्या हातात काडेपेटी देतो. काडेपेटी म्हणजे साखर. हातोहात पुढे सरकायची, दहाव्याकडे पोचेतो तिचे दोन तुकडे होतात आणि थोडी शक्ती हाती लागते. पुढची मोठी शक्ती नंतर, हवेच्या मदतीनं, पण सुरुवात या दहा पायऱ्यांची. यातली तिसरी जागा राखणदाराची. पेशीत शक्ती भरपूर साठली की तो काडेपेटी अडवतो, साठा संपत आला की सोडतो. म्हणून तिथे नेहमी वर्गातला सगळ्यात हट्टी मुलगा उभा करतो.

यंदाचा हट्टी लांबुडका आहे. काडेपेटी हातात धरून म्हणाला, "सर, मी पुढे दिलीच नाही तर?" मी म्हटलं, "तर माणूस या वर्गात येऊन असले प्रश्न विचारायला जिवंत राहणार नाही. बस खाली." वर्ग हसला. मीही हसलो. फार दिवसांनी हसलो.

मी सातला निघतो. निघताना पेला झिपरीच्या टेबलावर ठेवून जातो. ती नंतर उठून पिते, मग दुधाला जाते. ही (म्हणजे तिची आई) दारात उभी राहून पायऱ्या मोजते आणि आकडा फ्रिजवर लिहून ठेवते. आज चोवीस.

चोवीस. तीनच दिवसांत.

१९ फेब्रुवारी, रविवार

पेला माझ्यासमोर. नऊ. दहाव्या पायरीवर बसली, तोंड पांढरं, ओकारी आली. पोटऱ्या दगडासारख्या. मी चोळून दिल्या.

मी मागे असलो की ती बुजते, दुसरं काय.

हिच्याशी भांडण झालं. ही पोरीला लोणी लावून पाव देते, वर अंडं. मी म्हटलं, लहानपणी तिचे डोळे पिवळे व्हायचे तेव्हाच तेलतूप बंद करायला सांगितलं होतं, आजही डोळ्यांत पिवळटपणा आहे. ही म्हणाली, पण तिला ते खावंसं वाटतं आणि खाल्लं की तरतरीत दिसते. ही पोस्टात शिक्के मारते. मी तिला म्हटलं, तू शिक्के मार. लिहिताना लाज वाटते आहे, पण म्हटलं.

लोणी बंद केलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

एकोणतीस. मला वाटलं, हिनं फ्रिजवर वाढवून लिहिलं असेल. विचारलं तर ही पाच दिवस बोलली नव्हती ती आज बोलली: "मला शिक्के मोजता येतात तसे पायऱ्याही मोजता येतात."

झिपरीच्या खोलीत मुंग्या झाल्या आहेत. खिडकीबाहेरच्या कठड्यावरून रांग लागली आहे, निवडुंगाच्या कुंडीपर्यंत. हिला सांगितलं, खोली नीट पुसत जा.

२६ फेब्रुवारी, रविवार

आठ.

आज मला कशातच राम वाटत नाही. आठवडाभर वर चढवलेला दगड रविवारी गडगडत खाली येतो. दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी दारात उभा राहून परत आलो. तिच्या वयाच्या पोरी बसमागे धावतात.

३ मार्च, शुक्रवार

एकतीस. मुंग्या वाढल्या आहेत. काल कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांना औषध विचारलं. मामा तिथे काचेची भांडी धुतात, माझ्याहून जुने आहेत. म्हणाले, "सर, मुंगी उगाच येत नाही. गोड कुठे सांडतंय ते बघा, औषधाला पैसे कशाला घालता?" मामांना प्रत्येक गोष्टीत तत्त्वज्ञान सुचतं. मी पावडर घेऊनच आलो आणि कठडाभर टाकली. आज सकाळी झिपरी म्हणाली, बिचाऱ्या. मी म्हटलं, मुंग्यांची कीव नंतर कर, आधी पेला संपव. पण तेवढ्यात सात वाजले आणि मला निघावं लागलं.

१० मार्च, शुक्रवार

मंगळवारपासून पेपर तपासायला बाहेरगावी होतो. आज परतलो. फ्रिजवर तीन आकडे: अडतीस, अडतीस, अडतीस.

तीनदा अख्खा जिना. न थांबता. मी दारातच खाली बसलो. हिनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, खरंच चढली हो, वरच्या जिन्यात तर गुणगुणत होती. जाताना हिला बजावून गेलो होतो, पेला चुकवू नकोस. हिनं रोज ठेवला, रोज रिकामा मिळाला. इतके दिवस आत मुरत गेलेलं ग्लुकोज आता फळाला आलं असणार.

अठरा वर्षांत मी तिच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी बरोबर केलं. येताना आणखी एक डबा घेऊन आलो होतो, मोठा.

कठड्यावर पुन्हा मुंग्या. मेलेल्यांच्या अंगावरून नव्या चालल्या आहेत.

१२ मार्च, रविवार

पेला माझ्यासमोर. दहा. तिला रागावलो. मी नसताना अडतीस आणि मी असताना दहा, याला काय म्हणायचं? आपल्याच बापाला खोटं पाडायचं? मग रात्री जेवताना तिची काहीतरी कुरकुर चालली होती, माझं लक्ष तपासायच्या गठ्ठ्यात होतं.

२२ मार्च, बुधवार

चौतीस. अहवाल आला नाही. दवाखान्यात फोन केला. अजून आठ-दहा दिवस.

झिपरीनं टेबलावर चाचणीच्या मैदानाचा नकाशा काढून ठेवला आहे. दोन किलोमीटरची वाट, चढ कुठे, सावली कुठे. यात बसायची जागा एकही दाखवलेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "लागणार नाही."

माझ्या मनात आलं, नाही जमलं तर पोरीचं काय होईल? आणि आपलं? मग उठून डब्यातले चमचे मोजले. पुरेल.

१ एप्रिल, शनिवार

दुपारी दवाखान्यातून फोन आला होता, हिनं घेतला. अहवाल आला आहे, सोमवारी बाईंना येऊन भेटा. मी म्हटलं, सोमवारी तर सोमवारी. अहवालात काय असणार ते मला ठाऊक आहे. सोमवारी अहवाल घ्यायला जाईन तेव्हा ही वही बाईंसमोर ठेवीन आणि तेव्हाच सांगीन की तुमचं न ऐकता मी काय केलं.

उद्या रविवार आहे, तेवढं एक मनाला खातं. रविवार तिला लाभत नाही. म्हणून उद्या दुप्पट द्यायचं ठरवलं आहे. चार चमचे, शिवाय जॅम लावून पाव.

२ एप्रिल, रविवार

सकाळचे सहा. चार मोठे चमचे. पेला हातात घेऊन बराच वेळ बसली होती. "बाबा, आज नको ना." मी म्हटलं, आजच तर हवं. मी समोर खुर्ची घेऊन बसलो. शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

निघतो.

५ एप्रिल, बुधवार

लिहायला सांगितलं आहे म्हणून लिहितो.

पहिल्या अर्ध्या किलोमीटरला ती मागे पडली. मी कुंपणाबाहेरून बघत होतो. तिपाई एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना तिचा हात वर जाईना. तरी थांबली नाही. मी ओरडून सांगत होतो, चल, चल, थोडंच राहिलं. ते माझे शब्द आहेत, मीच ओरडत होतो. एकोणतीस मिनिटं आणि काही सेकंदांनी रेघ ओलांडली आणि तिपाईसकट खाली बसली. ओकली. पाय सरळ होईनात, मांड्या लाकडासारख्या. दोघांनी उचलून गाडीत घातलं. मला वाटलं, नेहमीसारखं चोळल्यावर उतरेल. घरी आणलं. घरी आणलं मी तिला.

संध्याकाळी लघवी झाली ती काळी. चहासारखी नाही, काळी. मग झालीच नाही.

तीन दिवस दवाखान्यात आहोत. स्नायू फुटले आणि त्यांचा गाळ किडन्यांत जाऊन बसला. दोन्ही बंद. काल पहिलं डायलिसिस झालं. मानेतून नळी घातली आहे.

ही माझ्याशी नीट बोलते आहे. ते जास्त भयंकर आहे.

६ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरबाई खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. अहवालाचा कागद माझ्या हातात दिला. जीवशास्त्राचा माणूस म्हणून माझ्या हातात.

मी ज्याचं वाचलं तो आजार नाही. त्याचा चुलत भाऊ आहे. कोठाराचं कुलूप ठीक आहे. बिघडली आहे ती तिसरी पायरी. तिथलं एन्झाइम तिच्या स्नायूंत जन्मापासून नाही. काडेपेटी तिसऱ्याच्या हातात जाते आणि तो ती कधीच पुढे देत नाही.

ती जिवंत आहे, कारण मेंदूत, यकृतात तिसरा वेगळा असतो, तिथे काम चालतं. रक्तात निम्मं चालतं, म्हणून रक्तपेशी लवकर फुटतात आणि डोळे पिवळे दिसतात. स्नायूंत मात्र साखर बाहेरून घाला नाहीतर आतली काढा, अडणार तिसऱ्यापाशीच. ते स्नायू अठरा वर्षं चरबीवर जगले. दुसरं इंधनच नव्हतं. आणि पोटात साखर पडली की शरीर चरबी सोडायचं थांबवतं. साखर आली आहे, आता चरबी कशाला, असा त्याचा नियम. हा नियम मी दर वर्षी शिकवतो. परीक्षेत चार गुणांना विचारतो.

चुलत भावाच्या आजारात साखर औषध आहे. याच्यात ती उघडं असलेलं एकमेव दार बंद करते.

बाईंनी विचारलं, "चाचणीआधी तिनं काय खाल्लं होतं?" हिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांनी मला बोल लावला नाही. लावायला हवा होता.

लोणी. अंडं. तरतरीत दिसते, असं ही म्हणाली होती.

११ एप्रिल, मंगळवार

वही बाईंना दिली होती. मत लिहू नका म्हणाल्या होत्या, आणि वहीभर माझीच मतं. तरी दिली. वाचा म्हटलं, सगळं वाचा. आज परत मिळाली. त्यांनी पेन्सिलीनं रविवारांना गोल केले आहेत. अकरा, नऊ, आठ, दहा. बाकीच्या दिवसांखाली रेघ. आणि समासात एकच प्रश्न: मुंग्या नेमक्या कुठे होत्या?

घरी आलो. झिपरीच्या खोलीची खिडकी उघडली. कठड्यावर निवडुंगाच्या कुंडीत माती दगडासारखी झाली आहे, वर पांढरी खडीसाखरेसारखी साय. निवडुंग बुडापासून कुजला आहे. भिंतीवरून खाली पाइपापर्यंत चिकट ओघळ, आणि सगळीकडे माझी पावडर.

आठवड्याचे सहा दिवस ती पेला ओतून देत होती. पूर्वी चहापाव खाऊन जायची, आता न खाता, उपाशीपोटी, म्हणजे चरबीवर, दुधाला जात होती आणि जिना चढत होती. पेपर तपासायला गेलो ते तीन दिवस तिच्या डोक्याशी पेला पेला करणारं कुणीच नव्हतं. अडतीस, अडतीस, अडतीस. गुणगुणत.

ज्या आकड्यांवर मी उड्या मारल्या ते सगळे मला फसवून मिळवलेले होते. आणि जिथे मी जातीनं हजर होतो तिथे मी तिला स्वतःच्या हातानं पाजत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिवाच नव्हता.

१६ एप्रिल, रविवार

यंत्र चालू असताना चार तास तिच्याजवळ बसता येतं. दोन रविवार झाले, ही बाहेर बाकावर बसते आणि मला आत पाठवते. का पाठवते कळत नाही. मी जायला लायक नाही.

आज विचारलं. "कुंडीत ओतत होतीस तर त्या दिवशी का प्यायलीस?"

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "तुम्ही समोर खुर्ची घेऊन बसलात ना."

मग थोड्या वेळानं: "आणि तुम्ही इतके खूश होतात बाबा. पायऱ्यांचे आकडे बघून आईला हाका मारायचात. मी कधी तुम्हाला तसं बघितलंच नव्हतं."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. सांगायला नको होतं का?

"सांगितलं होतं. तीनदा."

रागानं नाही म्हणाली. आकडा विचारल्यावर सांगावा तशी म्हणाली. मग विचारलं, "पण मी पूर्ण केलं ना? किती मिनिटं?" मी सांगितलं, एकोणतीस. ती हसली. मानेतल्या नळीमुळे पूर्ण हसता येत नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

पत्र आलं. लेखी परीक्षा: चौथा क्रमांक. शारीरिक चाचणी: उत्तीर्ण. १ जूनला स्वतः हजर राहावे.

हिनं ते पोस्टातच पाहिलं होतं. शिक्का मारायचा राहिला होता, तो मारूनच घरी घेऊन आली. त्यानंतर आम्ही दोघं टेबलाशी बसून राहिलो. ही म्हणाली, तिला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवू नका, आपण तिलाच विचारू. मी हो म्हटलं.

दिलं. उशीखाली ठेवलं आहे तिनं.

४ मे, गुरुवार

किडन्या अजून जाग्या झालेल्या नाहीत. कधी तीन महिन्यांनी होतात, कधी होत नाहीत, म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस यंत्र. वजन अकरा किलो उतरलं. मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावलं, त्यात एकदा बसते.

कॉलेजात आज उजळणी होती. रजा संपली, जावं लागलं. मुलं आपणहून ओळीत उभी राहिली, काडेपेटीही त्यांनीच काढली. लांबुडका तिसरा. माझ्याकडे बघून त्यानं जुनाच विनोद केला, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून: "सर, मी पुढे दिलीच नाही तर?"

मी म्हटलं, "तर मागचे देतच राहतात." आणि खुर्चीवर बसलो. कुणी हसलं नाही. मामांनी दारातून पाहिलं, आत आले आणि मुलांना म्हणाले, आजचा तास झाला.

१ जून, गुरुवार

आज हजर व्हायचं होतं. झिपरीनं सकाळी पत्र उशीखालून काढलं, वाचलं, परत ठेवलं. मग कागद मागितला आणि दवाखान्याचा नकाशा काढायला घेतला. यंत्राची खोली, जिना, फाटक. बसायच्या जागा दाखवल्या, सात निघाल्या. आईच्या बाकावर तिनं छोटा चौकोन केला. मी कुठे बसतो ते दाखवलं नाही. मी विचारलं नाही.

दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. तीनदा सांगितलं म्हणाली होती, ते शोधायला. एकदा सापडलं, १२ फेब्रुवारीला, तिच्या शब्दांत: पाय जड होतात. दुसरं १२ मार्चला, तेही कुरकुर म्हणून. ती काय बोलली ते लिहिलेलं नाही, आता आठवतही नाही. २ एप्रिलचं 'आज नको ना' यात धरता येत नाही, ते सांगणं नव्हतं, विनवणी होती.

झालं तेवढंच लिहा, असं सांगितलं होतं. तिसरं या वहीत कुठेच नाही.